प्लास्टिक : भोगाचं की उपभोगाचं?



दसलक्षण पर्व जवळ आलं, की महिला मंडळात काही प्रश्न ठरलेले असतात. पूजेला आर्ट सिल्कची साडी चालेल का? चौक्यात प्लास्टिकचा डबा ठेवावा का? सामुदायिक भोजनाला वापरून टाकायच्या ताटल्या आणाव्यात का? मग दोन बाजू पडतात. एक बाजू म्हणते, "प्लास्टिकमध्ये कुठल्या जीवाचा अंश नाही, म्हणजे ते अहिंसक." दुसरी म्हणते, "प्लास्टिक म्हणजे विष, घराबाहेर काढा." बैठक संपते, आणि दोन्ही बाजूंच्या बायका दुधाची प्लास्टिकची पिशवी घेऊन घरी जातात.

मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. कारण 'प्लास्टिक' नावाची एकच वस्तू नाहीच. डाळ-तांदूळ, मीठ-साखर सगळ्याला 'किराणा' म्हणावं, तसा हा शब्द आहे. पथ्य सांगताना कोणी नुसतं "किराणा खाऊ नका" असं म्हणत नाही. तेव्हा आधी ओळख करून घेऊ, मग निर्णय घेऊ.

बहुवारिक म्हणजे काय?

मुलांच्या दहावीच्या विज्ञानात 'बहुवारिक' हा शब्द आहे. इंग्रजीतलं पॉलिमर ते हेच. जपमाळेत एकसारखे मणी ओवलेले असतात, तसे एकसारखे लहान रेणू एकापुढे एक जोडून बनलेला लांब रेणू म्हणजे बहुवारिक. माळेत १०८ मणी, इथे हजारो. निसर्गही बहुवारिकं बनवतो. कापूस, लोकर, रेशीम ही सगळी नैसर्गिक बहुवारिकंच. कारखान्यात, बहुतेक करून खनिज तेल आणि नैसर्गिक वायूपासून बनवतात ती कृत्रिम.

कृत्रिमांचे ढोबळ दोन प्रकार. एक गुळासारखा : तापवला की पातळ होतो, गार झाला की घट्ट, पुन्हा तापवा, पुन्हा पातळ. बादल्या, पिशव्या, बाटल्या या जातीतल्या. दुसरा भाकरीसारखा : एकदा भाजली की तिचं पुन्हा पीठ होत नाही. कुकरच्या मुठीचं बेकेलाइट, समारंभातल्या मेलामाइनच्या ताटल्या या जातीतल्या. पहिला प्रकार वितळवून पुन्हा वापरता येतो, दुसरा वितळतच नाही. भंगारवाला मेलामाइनची ताटली का घेत नाही, याचं उत्तर इथे आहे.

ज्यांचे जीव वाचले

'प्लास्टिक हटाव' म्हणणाऱ्या मैत्रिणींना मी आधी चार गोष्टी आठवून द्यायला सांगेन.

आपण सकाळी दात घासतो तो ब्रश. १९३८ पर्यंत ब्रशचे केस मुख्यतः रानडुकराचे असायचे. त्या वर्षी अमेरिकेत नायलॉनच्या केसांचा ब्रश बाजारात आला आणि हळूहळू जगभर तोच झाला. आज आपण निर्धास्तपणे ब्रश तोंडात घालतो, तो नायलॉनच्या भरवशावर.

विजेची बटणं, तारांची वेष्टणं यांसाठी पूर्वी लाख लागायची. लाख हा झाडावर राहणाऱ्या बारीक किड्यांचा स्राव. ती खरवडून काढताना हजारो किडे जातात. लिओ बेकलँड या शास्त्रज्ञाने लाखेला पर्याय शोधता शोधता १९०७ मध्ये बेकेलाइट बनवलं. पूर्णपणे कृत्रिम असं ते पहिलं प्लास्टिक.

सुतारकामात पूर्वी सरस वापरायचे. जनावरांची कातडी आणि हाडं उकळून तो बनतो. पाट, कपाट, देव्हारा, कशाचेही सांधे त्यानेच जोडलेले असत. १९५९ मध्ये आपल्याकडे फेव्हिकॉल आलं. त्यातला चिकटपणा पॉलिव्हिनाइल ॲसिटेट या कृत्रिम बहुवारिकाचा आहे. आज देव्हारा करायला सांगताना सरसाची चिंता करावी लागत नाही.

आणि दवाखाना. शस्त्रक्रियेत आत घालायचे विरघळणारे टाके पूर्वी मेंढी-बकरीच्या आतड्यापासून केलेले असत. साधारण १९७० पासून कृत्रिम धागा आला. सलाइनची पिशवी, एकदाच वापरायची सिरिंज, रक्ताची पिशवी, सगळी बहुवारिकंच. कातड्याच्या पर्स-पट्ट्यांऐवजी रेक्झीन आलं, तेही तसंच.

एवढं सगळं समोर असताना 'प्लास्टिक म्हणजे पाप' म्हणणं मला पटत नाही.

पण 'जीव नाही, म्हणजे अहिंसक' हेही खरं नाही

आता दुसऱ्या बाजूकडे येते. रेशमाबद्दल आपल्यात आता बरीच जागृती आहे. कोशातला किडा जिवंत असतानाच कोश उकळतात किंवा वाफवतात, कारण किडा बाहेर पडला तर धागा तुटतो. एका साडीमागे हजारो जीव. तेव्हा रेशीम नेसून अभिषेकाला उभं राहू नये, हे माताजींचं सांगणं अनेक घरांनी ऐकलं. उत्तम झालं.

पण त्याजागी काय आलं? आर्ट सिल्क. यातलं 'आर्ट' कलेचं नाही, 'आर्टिफिशियल'मधलं. बाजारातली बहुतेक आर्ट सिल्क पॉलिएस्टर असते. १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये हा धागा शोधला गेला. आपल्या आजोबांच्या टेरिलीनच्या शर्टाचा आणि टेरिकॉटच्या पँटचा धागा हाच. याचं पूर्ण नाव पॉलिइथिलीन टेरेफ्थॅलेट, म्हणजे पेट. पाण्याची बाटलीही याच पेटची. बाटली आणि साडी यांचा रेणू एकच. जुन्या बाटल्या वितळवून धागा काढतात तो यामुळेच.

मग बिघडलं कुठे? धुताना. पॉलिएस्टर, ॲक्रिलिकच्या कपड्यांतून धुताना अतिशय बारीक तंतू सुटतात. इंग्लंडच्या प्लिमथ विद्यापीठाने २०१६ मध्ये मोजमाप प्रसिद्ध केलं : ॲक्रिलिकच्या सहा किलो कपड्यांच्या एका धुलाईत सात लाखांहून जास्त तंतू सुटू शकतात. हे तंतू गटारातून नदीत, नदीतून समुद्रात जातात. पाण्यातले लहान जीव ते अन्न समजून गिळतात. किडा उकळला नाही हे खरं, पण परिणाम दुसऱ्या जीवांपर्यंत पोचलाच. तो डोळ्यांना दिसत नाही, एवढाच फरक.

माझं मत सांगते. पूजेला सुती साडी. इचलकरंजी आपल्या हाकेच्या अंतरावर आहे, सुती साड्या मिळतात. सुती साडी चुरगळते, तिला रेशमासारखी झळाळी नसते, हे मान्य. पण भगवंतासमोर आपण झळाळी दाखवायला जात नाही. आणि घरात आधीच असलेली आर्ट सिल्क फेकून मात्र देऊ नका. ती कमी वेळा धुवा, फाटेपर्यंत नेसा.

'प्लास्टिकमध्ये जीवाचा अंश नसतो' हेही दर वेळी खरं नसतं. ब्रिटनने सप्टेंबर २०१६ मध्ये पाच पौंडाची नवी नोट काढली, पॉलिप्रोपिलीनची. त्यात अगदी थोड्या प्रमाणात जनावराची चरबी असल्याचं बाहेर आलं. तिथल्या शाकाहारी लोकांनी, हिंदू आणि जैन बांधवांनी आक्षेप घेतला, लाखाहून जास्त लोकांनी निवेदनावर सह्या केल्या. बँक ऑफ इंग्लंडने २०१७ मध्ये ठरवलं, की नोटा आहेत तशाच राहतील. प्लास्टिक साच्याला चिकटू नये, घसरतं राहावं म्हणून त्यात जे पदार्थ मिसळतात, ते कधी वनस्पतीपासून केलेले असतात, कधी चरबीपासून. वरून पाहून ते कळत नाही.

तळाचा आकडा वाचा

घरातला कुठलाही डबा उलटा करा. तळाशी त्रिकोण असतो, त्यात १ ते ७ मधला एक आकडा. हा आकडा दर्जाचा नाही, 'चांगलं-वाईट' सांगणाराही नाही. ते फक्त बहुवारिकाचं नाव आहे.

१ म्हणजे पेट. पाण्याच्या, सरबताच्या बाटल्या. ही बाटली थोड्या वापरासाठीच केलेली असते. त्यात उकळतं पाणी भरू नये.

२ म्हणजे एचडीपीई, जाड पॉलिथीन. तेलाचे कॅन, शाम्पूच्या बाटल्या, पाण्याचे ड्रम. दणकट असतं, वर्षानुवर्षं टिकतं.

३ म्हणजे पीव्हीसी. नळाचे पाइप, विजेच्या तारांचं वेष्टण, रेक्झीन. भिंतीत, जमिनीत राहू दे, अन्नाजवळ नको. जाळायचं तर मुळीच नाही, धूर घातक असतो.

४ म्हणजे एलडीपीई, पातळ पॉलिथीन. दुधाच्या पिशव्या, पातळ वेष्टणं.

५ म्हणजे पॉलिप्रोपिलीन. आपले बहुतेक जेवणाचे डबे, खुर्च्या, दह्याचे कप, तांदळाची विणलेली पोती. त्यातल्या त्यात उष्णता सोसणारं. तरी उकळती आमटी स्टीलमध्येच बरी.

६ म्हणजे पॉलिस्टायरीन. थर्मोकोल हे त्याचंच फुगवलेलं रूप.

७ म्हणजे उरलेले सगळे.

या आकड्यांत न येणारी दोन नावंही ओळखीची असावीत. नॉनस्टिक तव्यावरचा थर टेफ्लॉनचा. मराठी घरांत अशा तव्याला 'निर्लेप' म्हणायची सवय आहे. आपल्या स्वाध्यायातला शब्द तव्यावर गेला! तो तवा रिकामा, मोठ्या आचेवर ठेवू नका. फार तापला तर त्यातून निघणारी वाफ पक्ष्यांना मारक ठरते, आणि खिडकीत चिमण्या येतात. दुसरं, सॅनिटरी पॅड आणि बाळाच्या डायपरमधली पूड. तीही बहुवारिक आहे, स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पाणी शोषून घेते. त्यावरचं-खालचं आवरणही प्लास्टिकचंच. सोय मोठी आहे, ती सोडा असं मी म्हणणार नाही. पण वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून, वर खूण करून वेगळं द्या. ते हाताने वेगळं करणारी बाईच असते.

भोग आणि उपभोग

आता मुद्द्याचं. आपल्या शास्त्रात प्लास्टिक नाही, पण प्लास्टिकचा निर्णय कसा घ्यावा ते आहे. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात श्रावकाच्या वस्तूंचे दोन भाग केले आहेत. एकदा वापरली की संपली ती भोगाची वस्तू : अन्न, फूल, गंध. पुन्हा पुन्हा वापरायची ती उपभोगाची : वस्त्र, भांडं, दागिना, घर. दोन्हींचं परिमाण करायचं, म्हणजे मर्यादा घालून घ्यायची.

या दृष्टीने पाहिलं की गुंता सुटतो. भोगाची वस्तू मातीत मिळून जाणारी असावी. केळीचं पान, द्रोण, फूल दोन-चार महिन्यांत माती होतात. टिकाऊ वस्तू उपभोगाची असावी : स्टीलचं ताट, पितळी कळशी, आणि हो, पीव्हीसीचा पाइपसुद्धा. आपण उलटं केलं. बहुवारिक टिकण्यासाठीच बनवलेलं असतं. पॉलिथीनचा शोधच १९३३ चा. ते पुरतं कुजायला शेकडो वर्षं लागतील असा अंदाज आहे, तोवर उन्हाने त्याचे तुकडे होत जातात. अशा वस्तूला आपण पंधरा मिनिटांच्या जेवणाची ताटली केलं. उपभोगाची वस्तू भोगात घालवली. माझ्या मते प्लास्टिकचा सगळा दोष इथे आहे, आणि तो प्लास्टिकचा नाही.

पातळ पिशवीचंच घ्या. संध्याकाळी दिवस मावळायच्या आत जेवणं आटोपतात, उरलेलं खरकटं पिशवीत, पिशवीला गाठ, पिशवी कोपऱ्यावर. गाय येते. शेळी ओठांनी निवडून खाते, तसं गाय करत नाही. ती जिभेने गुंडाळून घास ओढते. पोळीच्या वासाने पिशवीसकट गिळते. पॉलिथीन तिच्या पहिल्या पोटात पचत नाही, पुढे सरकत नाही. पिशवीवर पिशवी साचून गोळा होतो, गाय पोट भरल्यासारखी दिसते आणि उपाशी मरते. अशा गाईंच्या पोटातून शस्त्रक्रियेने कित्येक किलो प्लास्टिक काढल्याच्या बातम्या आपण वाचतो. पांजरपोळाला देणगी आपणच देतो. मग ती गाठ मारलेली पिशवीही आपल्या हातून जाऊ नये.

नायलॉनचंही तसंच. ज्याने ब्रश होऊन डुकराला वाचवलं, तोच धागा मांजा होऊन संक्रांतीला पक्ष्यांचे पंख कापतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, तरी तो चोरून विकला जातो. नायलॉन दोन्हीकडे एकच, वापर वेगळा. कारण नसताना होणाऱ्या हिंसेला आपल्याकडे अनर्थदंड म्हणतात आणि त्याचा त्याग हे श्रावकाचं गुणव्रत आहे. संसार चालवताना होणारी आरंभी हिंसा गृहस्थाला पुरती टळत नाही. पण मांजा, थर्मोकोलची ताटली, पाण्याचे पाऊच यांच्याशिवाय कुणाचं काय अडतं?

"पण धुण्याचं पाणी वाचतं ना?"

यावर एक आक्षेप येतो आणि तो विचार करण्यासारखा आहे. वापरून टाकायच्या ताटल्यांमुळे भांडी धुण्याचं पाणी वाचतं, जलकायिक जीवांची विराधना टळते. उष्टी भांडी पडून राहत नाहीत, त्यात जीवोत्पत्ती होत नाही. शंभर माणसांच्या स्वयंपाकानंतर ज्यांनी भांडी घासली आहेत, त्या बायकांचे कष्टही यात आहेत. ते मी हलके मानत नाही.

तरी मला हिशोब पटत नाही. ताटलीला लागलेलं उष्टं ताटलीबरोबर नाहीसं होत नाही; ते कचऱ्याच्या ढिगात, पावसात भिजत, आपल्या नजरेआड पडतं. जीवोत्पत्ती तिथे होतेच, फक्त आपल्याला दिसत नाही. त्यापेक्षा ताटात काही टाकायचंच नाही, शेवटी ताट धुऊन पाणी पिऊन टाकायचं, ही जी रीत आपल्यातल्या अनेक घरांत आहे, ती पाणीही वाचवते. आणि भांडी घासण्याचं काम बायकांवरच का? मंडळाच्या तरुणांनीही पदर... म्हणजे बाह्या खोचाव्यात!

"मग कागदी कप आणू" असंही कुणी म्हणतं. चहाच्या कागदी कपाला आतून पॉलिथीनचा पातळ थर असतो, नाहीतर चहा झिरपला असता. तो कप पूर्ण कागदाचा नसतो.

पाणी गाळण्याच्या बाबतीत मात्र मी आग्रही आहे. नळाला लावायची नायलॉनची जाळी म्हणजे गाळणं नव्हे. तिची भोकं डोळ्यांना दिसतात. गाळणं जाड सुती कापडाचं, दुहेरी, आणि गाळल्यावर जिवाणी जिथलं पाणी तिथे पोचवायची. आरओ यंत्रातला पडदा पॉलिअमाइडचा, म्हणजे नायलॉनच्याच कुळातला. तो क्षार अडवतो, पण बरंचसं पाणी वाया घालवतो. यंत्र असलं तर ते वाया जाणारं पाणी फरशीला, बागेला वापरा, आणि गाळणं बंद करू नका.

पर्वाआधी ठरवूया

थर्मोकोल आणि प्लास्टिकच्या ताटल्या-पेले महाराष्ट्राने २०१८ मध्ये बंद केले. १ जुलै २०२२ पासून देशभर ताटल्या, पेले, चमचे, स्ट्रॉ, सजावटीचं थर्मोकोल, इतकंच काय मिठाईच्या खोक्यावर आणि निमंत्रणपत्रिकेवर गुंडाळायची फिल्मही बंद आहे. जे व्रत म्हणून आपण आधी करायला हवं होतं, ते आता कायदा म्हणून करावं लागतंय.

माझं म्हणणं थोडक्यात असं. बस्तीत स्टीलच्या ताट-वाट्यांचा एक संच सामुदायिक पैशातून घ्यावा. शंभर जणींनी एकेक ताट दिलं तरी होतो. प्रभावनेत प्लास्टिकच्या डब्या, शोभेच्या वस्तू वाटू नयेत. सुती गाळणं वाटावं, शास्त्राची प्रत वाटावी. मिरवणुकीत पाण्याचे पाऊच नकोत, पिंप आणि पेले ठेवावेत. घरातलं टिकाऊ प्लास्टिक फोडून-मोडून टाकू नये, ते शेवटपर्यंत वापरावं. ओलं खरकटं कधीही पिशवीत बांधून टाकू नये. आणि नवं काही घेताना मनाशी विचारावं : हे मी किती दिवस वापरणार, आणि माझ्यानंतर हे किती दिवस राहणार?

मुनिमहाराजांकडे तीनच उपकरणं असतात : पिंछी, कमंडलू आणि शास्त्र. पिंछीची पिसंही मोराने स्वतःहून टाकलेली. आपण गृहस्थ, आपल्याला तीन वस्तूंत भागायचं नाही. पण यंदाच्या उत्तम त्याग आणि उत्तम आकिंचन्य या दोन दिवसांसाठी एखादी भोगाची प्लास्टिक वस्तू कायमची सोडायचा नियम घेता येईल. मी दुकानातली पातळ पिशवी सोडणार आहे. कापडी पिशवी पर्समध्ये घडी करून ठेवली आहे.

तुम्ही कोणता नियम घेणार? आणि भांडी घासण्याच्या प्रश्नावर तुमच्या गावच्या बस्तीने काही चांगला तोडगा काढला असेल, तर तो जरूर सांगा. मंडळाच्या बैठकीत मला त्याचा उपयोग होईल.

जय जिनेंद्र!